गावच्या तळ्यातलं केंदाळ काढायचंय, पण पाणपक्षी जाऊ नयेत. कसं आणि कधी काढावं?

केरेकाठ_खानापूर

नमस्कार मंडळी. तळं खानापूर तालुक्याच्या (जि. बेळगाव) पूर्व अंगाला आहे, साधारण 11 एकर. त्यातलं 4 एकर केंदाळाखाली, म्हणजे जलपर्णीखाली गेलंय आणि सगळं केंदाळ पश्चिमेच्या काठाला दाबून बसलंय. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी जातं, एप्रिलअखेर मध्यावर गुडघाभर उरतं. गावातली दोन गटारं सरळ तळ्यात येतात (मिळून 120 घरं), वरच्या अंगाला ऊस, बांधाखाली भात. मासेमारीचा ठेका चालू आहे. कटला-रोहू सोडलेत, चिलापी न सोडताच भरपूर झालीय.

मोकळ्या पाण्यात अडई, हळदीकुंकू बदकं, वारकरी, टिबुकल्या असतात, कडेला शेकाटे. कमळपक्षी मात्र केंदाळावरच फिरतात. पंचायतीत तीन मतं पडलीत. एक म्हणतात तणनाशकाचा फवारा मारून मोकळे व्हा, दुसरे म्हणतात जेसीबी लावून केंदाळ आणि गाळ एकदमच काढा, तिसरे म्हणतात गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडा, तो खाऊन टाकतो.

यात खरं काय? माणसं किती लागतील? काढलेल्या ढिगाचं काय करायचं? आणि कमळपक्ष्यांचं काय? एक गोष्ट दिसली ती लिहून ठेवतो, उपयोगाची आहे का ठाऊक नाही: उपटून बघितलं तर मुळं जेमतेम वीतभर आहेत, दुसऱ्या एका तळ्यात हातभर लांब होती.

पाणकणीस

शेवटचं जे सहज लिहिलंय ना, तेच सगळ्यात कामाचं आहे. जलपर्णीची मुळं पाण्यात खत कमी असलं की लांब वाढतात आणि खत मुबलक असलं की आखूड राहतात. वीतभर मूळ आणि वर गुडघ्याएवढी हिरवीगार पानं, म्हणजे तुमच्या तळ्याला नायट्रोजन-फॉस्फरसची मेजवानी चालू आहे. ती गटारांतून आणि उसातून येते. ती बंद न करता केंदाळ काढलंत तर पुढच्या दिवाळीला हाच प्रश्न पुन्हा विचाराल.

आता तीन मतं एकेक घेऊ.

फवारा. 2,4-डी किंवा ग्लायफोसेटने केंदाळ मरतं, यात शंका नाही. पण मरतं म्हणजे जातं कुठे? 4 एकरांवरचा माल जागच्या जागी बुडतो आणि कुजतो. कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. लिटरला 2-3 मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की मासे तोंड वर काढून धापा टाकतात, आणि हे नेहमी पहाटे होतं, कारण रात्रभर सगळेच प्राणवायू वापरतात आणि बनवत कोणी नाही. मासे मेले की ठेकेदार पंचायतीच्या दारात. वर कुजलेल्यातलं खत तळ्यातच राहतं, म्हणजे उरलेल्या चार रोपांना पुन्हा मेजवानी. 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ग्लायफोसेट परवानाधारक कीडनियंत्रकांशिवाय इतरांनी वापरायचंच नाही, ते वेगळं.

गवत्या मासा. हा केंदाळाला जवळजवळ तोंड लावत नाही. त्याला पाण्याखालचं मऊ शेवाळ आवडतं, म्हणजे नेमकं वारकरी आणि थंडीतली तलवार बदकं जे खातात ते. पाण्याखालची झाडं संपली की गाळ उठतो, पाणी गढूळ होतं. केंदाळ जिथल्या तिथे, बदकांचं ताट मात्र रिकामं.

जेसीबी आणि गाळ. हे दोन वेगळे उद्योग आहेत, एकत्र करू नका. गाळाचं इथं लिहिणारे जाणकार आहेत, ते सांगतीलच.

उरलं हाताने आणि दोरीने काढणं. हिशोब असा: दाट केंदाळ चौरस मीटरला 25 किलो तरी भरतं, दाटीत त्याहून जास्त. 4 एकर म्हणजे साधारण 16,000 चौरस मीटर, म्हणजे 400 टन ओला माल. ऐकून घाबरू नका, यात 92 ते 95 टक्के पाणी आहे. वाळल्यावर 20 ते 30 टन उरतो. पण उचलायचा ओलाच. नुसत्या हाताने एक माणूस दिवसाला अर्धा टन काढतो असं धरा, म्हणजे 800 मनुष्यदिवस. दोरी आणि ट्रॅक्टर जोडीला घेतलात तर हे बरंच खाली येतं.

कामाची पद्धत:

ट्रकच्या चार ट्यूबा, वर बांबूची चौकट, असा तराफा करा. त्यावरून विळ्यांनी केंदाळाचे साधारण 5 बाय 5 मीटरचे तुकडे पाडा. अखंड चटई ओढायला गेलात तर दोरी तुटते, नाहीतर चटई फाटून सगळीकडे पसरते.

ओढायला नुसती दोरी घेऊ नका. नायलॉनच्या दोराला दर दीड मीटरवर रिकामा बंद कॅन बांधा आणि खाली जुन्या जाळ्याची दीड फुटाची झालर सोडा. झालर नसली की रोपं दोराखालून निसटतात. ट्रॅक्टरने ओढायचं तर पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. जोरात ओढलं की केंदाळ दोरावर चढतं आणि पलीकडे पडतं.

काठाला लांब दांड्याच्या दाताळ्यांनी वर घ्या. साधा जेसीबी पाच-सहा मीटरच पोचतो, त्यामुळे तो काठावर उभा राहून वर उचलण्यापुरता. तळ्यात उतरवू नका.

ढीग भरल्या पाण्याच्या खुणेच्या वर टाका. उतारावर टाकलेला ढीग पहिल्या मोठ्या पावसात परत तळ्यात तरंगतो, आणि तोवर त्यातलं काळं पाणी झिरपून खत तळ्याला परत देतच असतं.

सांडव्यावरून ढकलून देण्याचा मोह होईल. करू नका. खालच्या भातात आणि ओढ्यात तेच उगवेल.

वाऱ्याचा उपयोग करून घ्या. थंडीत आपल्याकडे वारा पूर्वेकडून असतो, म्हणूनच तुमचं केंदाळ पश्चिमेला दाबलंय. तिथेच काठावर उतरवायची जागा करा. वारा फिरायच्या आत, म्हणजे मार्चपर्यंत, मोठा भाग निघाला पाहिजे. नाहीतर सगळं उलट दिशेला सरकतं आणि रस्ता नसलेल्या काठाला जाऊन बसतं.

शेवटची रोपं सगळ्यात महत्त्वाची. उन्हाळ्याच्या तोंडाला केंदाळ दोन आठवड्यांत दुप्पट होतं. एक गुंठा मागे ठेवलात तर दहा आठवड्यांत 32 गुंठे. म्हणून मोठं काम संपल्यावर दर आठवड्याला दोन माणसं आणि एक तराफा, निदान सहा महिने. पैसे ठरवताना हा खर्च आधी बाजूला काढा. बहुतेक ठिकाणी सगळा निधी पहिल्या महिन्यात, फोटोसकट, संपतो.

अंगावर जखम असेल त्याने पाण्यात उतरू नये, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. गमबूट घालून खोल पाण्यात जाऊ नका, भरले की पाय उचलत नाही. तराफ्यावरच्या प्रत्येकाला लाईफ जॅकेट. पाण्यातली दिवड निरुपद्रवी असते, पण काठावरच्या वाळत्या ढिगात घोणस येऊन बसते. ढिगात हात घालायचा नाही, दाताळंच.

पाणथळ_पाहणी

पक्ष्यांच्या बाजूने दोन गोष्टी, आणि वरच्यांशी एका ठिकाणी मतभेद.

वेळ. थंडीचे पाहुणे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असतात. ते मोकळ्या पाण्यावर आणि उथळ कडेवर असतात, केंदाळाच्या चटईला त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून संक्रांतीनंतर काम सुरू करायला हरकत नाही, फक्त एकाच काठाने पुढे जा. पूर्वेचं मोकळं पाणी त्यांना राहू द्या आणि सकाळी नऊच्या आत, संध्याकाळी चारनंतर तराफा पाण्यात नको. जून ते सप्टेंबर मात्र पूर्ण बंद. कमळपक्षी, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी यांची घरटी त्याच महिन्यांत तरंगत्या पानांवर आणि लव्हाळ्यात असतात. कमळपक्ष्यात अंडी उबवतो नर, आणि घरटं म्हणजे पानावर चार काड्या. तराफ्याच्या लाटेनेसुद्धा अंडी पाण्यात जातात.

मतभेद असा: केंदाळ शून्य करू नका, निदान पहिल्या वर्षी. तुमच्या तळ्यात कुमुद, कमळ, शिंगाडा यांचं नाव तुम्ही घेतलेलं नाही. म्हणजे कमळपक्ष्यांना पाय ठेवायला केंदाळाशिवाय दुसरं पान नाही. ते सगळं फेब्रुवारीत काढलंत तर जूनमध्ये घरटं कशावर? 8-10 गुंठ्यांचा एक तुकडा बांबूच्या कुंपणात ठेवा. बाजूला मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, जवळच्या तळ्यातून पांढऱ्या कुमुदाचे कंद आणून लावा: गोणपाटात चिकणमातीत बांधून, भरल्यावर दोन-तीन फूट पाणी येईल अशा ठिकाणी. नर्सरीतली रंगीत वाणं आणू नका. कुमुदाची पानं पसरली की पुढच्या फेब्रुवारीत कुंपणातलं केंदाळ काढा.

आणि केंदाळ काढताना कडेचा लव्हाळा, पाणकणीस उपटू नका. साफसफाईच्या भरात लोक सगळंच हिरवं काढतात. पाणकणीस फार माजलं असेल तर कापा, पण कुठे कापता हे बघा: पाण्याच्या वर कापलं तर पुन्हा फुटतं, पाण्याच्या खाली कापलं तर देठातून हवा न मिळाल्याने मरतं. ठेवायचं तिथे वर, काढायचं तिथे खाली.

कामाच्या आधी एक मोजणी करून ठेवा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालू आहे, तिच्याच पंधरवड्यात करा म्हणजे आकडे इतर ठिकाणांशी ताडता येतील. तीन ठरावीक जागा, सकाळी सात ते नऊ, दरवर्षी त्याच. प्रत्येक जातीचा आकडा लिहा, ‘भरपूर’, ‘थोडे’ नको. तुमच्या तळ्यावर 200 वारकरी कमी झाले की वाढले हे आठवणीवर सांगता येत नाही. सगळे सांगतात ते निव्वळ अंदाज असतात, आणि पंचायतीच्या बैठकीत दोन्ही बाजूंचे अंदाज आपापल्या सोयीचे असतात.

पाणकणीस

10 गुंठे ठेवायला माझा विरोध नाही, पण ते कुंपण एकेरी नको. बांबूचे खांब दर दोन मीटरवर रोवा, आतून मासेमारीचं बारीक जाळं, आणि त्याच्या बाहेर एक मीटरवर कॅनची दुसरी तरंगती दोरी. पाणी सहा-सात फूट चढतं-उतरतं, म्हणून जाळं खांबाला घट्ट न बांधता कड्यांमध्ये सरकतं ठेवा. घट्ट बांधलेलं जाळं पहिल्याच भरतीला पाण्याखाली जातं आणि 10 गुंठे केंदाळ वरून चालतं होतं. सांडव्यापासून लांबच्या कोपऱ्यात करा.

तंबाखूपट्टा

निपाणीकडून. 2,4-डी बद्दल वर एक गोष्ट राहिली. हे औषध रुंद पानाच्या पिकांवर वाऱ्याने उडून गेलं तरी नुकसान करतं. तंबाखू, टोमॅटो, वांगी, द्राक्ष: पानं वेडीवाकडी वळतात, शेंडा चिंबतो. तळं मोकळं असतं, वारा अडवायला काही नाही. आमच्या पट्ट्यात तंबाखूशेजारी कोणी हे मारलं तर भांडण ठरलेलं. तुमच्याकडे भात-ऊस असल्याने तसं जाणवणार नाही, पण परसातली मिरची-टोमॅटो जातीलच.

कृष्णाकाठच्यांसाठी वेगळं: चिकोडी, अथणी, रायबागकडे हा उपाय जसाच्या तसा लागू नाही. तिथे केंदाळ वरून येतं, पंचगंगेतून नरसोबावाडीला कृष्णेत आणि तिथून खाली. पहिल्या पुराला चटयाच्या चटया वाहत येतात आणि बंधाऱ्यांच्या दारांना अडकतात. तिथे काढण्यापेक्षा अडवणं महत्त्वाचं, आणि कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात माणूस उतरवून काढायचं काम कोणी करू नये. काठावरून लांब हाताचं पोकलेन, तेच.

बांधबंदिस्ती

गाळाबद्दल लिहितो.

खानापूरच्या बाजूला जमीन जांभ्याची. जांभा पाणी धरत नाही. तुमचं तळं पाणी धरतंय ते तळाशी शेकडो पावसाळ्यांत बसलेल्या चिकणमातीच्या थरामुळे. जेसीबीवाला तासावर पैसे घेतो, खोल जाईल तितकं त्याचं बरं. त्याने तो थर फोडला की मार्चमध्येच तळं कोरडं. म्हणून आधी चार-पाच ठिकाणी हाताने खड्डे घ्या. वरचा काळा, मऊ, वास येणारा गाळ किती आणि खालची घट्ट, बोटाला चिकटणारी माती कुठे लागते ते मोजा. चिकणमाती लागायच्या अर्धा फूट वर थांबायचं, आणि ती खूण लाकडी खुंट्यांवर रंगाने दाखवून ठेवायची. तोंडी सांगितलेलं मशीनवर टिकत नाही.

तळं बशीसारखं हवं, बादलीसारखं नको. कडा सरळ कापून खोल केल्या की पाणी जास्त मावतं, पण शेकाटे आणि तुतवार जिथे चालतात ते चार बोटं पाणी नाहीसं होतं. डुबकी न मारणाऱ्या बदकांची मान वीत ते हातभर खोलीपर्यंतच पोचते. निदान एका बाजूला, तीही बांधाच्या समोरची, दहा फुटांना एक फूट असा उतार अजिबात हात न लावता ठेवा. गुरं पण तिथूनच उतरतील, घसरणार नाहीत.

कासवं. तळ्यात मऊ पाठीचं कासव असतंच, खालून पायांवर झडपा मिटणारं. एप्रिल-मेमध्ये पाणी आटलं की ते ओल्या गाळात फूट-दोन फूट खाली गाडून घेतं आणि पावसाची वाट बघतं. नेमक्या त्याच महिन्यात आपण गाळ काढतो. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. उपाय सोपा आहे: बादलीने पहिला थर उचलला की तो ट्रॉलीत न टाकता आधी काठावर पसरायचा, एका माणसाने दाताळ्याच्या पाठीने चाळून बघायचा, कासव मिळालं तर मधल्या उरलेल्या पाण्याच्या कडेला ओल्या गाळात सोडायचं. तळ्याचा एक तृतीयांशच भाग एका वर्षी काढायचा, म्हणजे जे चुकतं ते उरलेल्या दोन भागांतून भरून निघतं.

गाळ कुठे जातो तेही बघा. जलपर्णीचं बी गाळात 15-20 वर्षं जिवंत राहतं. कोरडवाहू शेतात गेलं तर काही होत नाही. तुमच्या भातखाचरात आणि पाटात गेलं तर तिथे नवीन केंदाळ उभं. हा गाळ उसाला, ज्वारीला, माळाला द्या, भाताला नको.

आणि खरं काम गटाराचं. 120 घरं, 600 माणसं, माणशी 40 लिटर सांडपाणी धरलं तर दिवसाला 24,000 लिटर. आधी एक दिवसाचं पाणी मावेल अशी बसवण टाकी: 6 मीटर लांब, अडीच मीटर रुंद, पाणी 1.6 मीटर. दोन कप्पे, तोंडाशी जाळी. त्यातून पुढे पाणकणसाचा उथळ वाफा. खडीचा वाफा पुस्तकात चांगला दिसतो, पण माणशी एक चौरस मीटर आणि दोन फूट जाडी धरली तर 360 घनमीटर खडी लागते. गावाला परवडत नाही, आणि टाकी वेळेवर उपसली नाही की दोन वर्षांत खडी तुंबते. त्यापेक्षा मातीचा वाफा: पाणी फूटभर, पाच गुंठे जागा, म्हणजे पाणी आत आठवडाभर रेंगाळतं. लांबट करा आणि मध्ये दोन आडवे बांध घाला, नाहीतर पाणी सरळ कापून निघून जातं आणि बाकीचा वाफा नुसता शोभेला.

बिघडतं ते दोन कारणांनी. एक, टाकीतला मैला दर तीन-चार महिन्यांनी काढला नाही तर तो वाफ्यात जातो. दोन, पाणकणीस कापलं नाही तर फॉस्फरस तिथेच फिरत राहतो. वर्षातून दोनदा, पाण्याच्या वर कापून बाहेर न्यायचं. डासांसाठी गांबुसिया-गप्पी सोडू नका, पावसात ते तळ्यात जातात. ओढ्यातले पाण्याच्या वरच्या थरात राहणारे छोटे देशी मासे पुरतात. हा खर्च स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याच्या नावाखाली मागता येतो. केंदाळ काढण्याच्या नावाखाली मागितलात तर अवघड.

जाळंवाला

ठेकेदाराला विरोधक समजू नका. केंदाळात जाळं टाकता येत नाही, त्यामुळे काढण्यात त्याचाच फायदा आहे, त्याचा तराफा आणि माणसं घ्या. फक्त जाळी दिवसा पाण्यात ठेवू नका म्हणावं. टिबुकली, वारकरी, पाणकावळा दिवसा बुडी मारतात आणि अडकून मरतात. सूर्य मावळल्यावर टाकायची, उजाडायच्या आत उचलायची. फाटलेलं जाळं तळ्यात सोडून द्यायचं नाही, ते वर्षानुवर्षं मारत राहतं, कासवंसुद्धा. चिलापी पूर्ण जाणार नाही, पण तिचे नर उथळ तळाशी थाळीएवढे खड्डे करतात ते पाणी उतरल्यावर दिसतात. त्याच वेळी तिथे बारीक जाळं ओढलं तर निम्मी तरी निघते. मरळ पकडून संपवू नका, चिलापीची पिल्लं तीच खाते.

भुंगा_निरीक्षक

कोणी भुंग्यांचं बोललं नाही म्हणून. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, तिला खाणारे दोन भुंगे नियोकेटिना जातीचे तिथलेच. भारतात ते 1980 च्या दशकात बेंगळुरूहून सोडायला सुरुवात झाली. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरावर याच भुंग्यांचा मोठा वाटा होता. दुसऱ्या कुठल्या पिकाला हे खात नाहीत, सोडण्याआधी ते तपासूनच आणतात.

आधी तुमच्याकडे आहेत का ते बघा. भुंगा अर्ध्या सेंटीमीटरचा, राखी-तपकिरी, दिवसा देठाच्या बेचक्यात लपतो. पानाच्या वरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढे खरवडल्यासारखे फिकट डाग असले तर आहेत. देठ फोडून आत काळपट बोगदा दिसला तर अळी पण आहे. एका पानावर शंभरच्या वर डाग असतील तर ते आधीच कामाला लागलेत.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. एका पिढीला तीन महिने, परिणाम दिसायला दोन ते चार वर्षं, आणि गटाराच्या पाण्यात केंदाळ त्यांच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढतं. फवारा मारला किंवा सगळं उपसलं की भुंगेही गेले. म्हणून वरचं 10 गुंठ्यांचं कुंपण भुंग्यांसाठीही बरं: डाग असलेली रोपं निवडून त्यातच ठेवा. आणायचेच झाले तर बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेकडे विचारा.

केरेकाठ_खानापूर

आभार, एवढं सविस्तर अपेक्षित नव्हतं. पानं बघितली, डाग आहेत, पण तुरळक. आता तीन शंका. परवानगी कुणाची? 400 टनांचं खत करायचं तर नेमकं कसं? आणि मेमध्ये तळ कोरडं पडल्यावर बी उगवलं तर ओळखायचं कसं, कारण चिखलात तेव्हा शंभर प्रकारचं गवत असतं.

बांधबंदिस्ती

परवानगी: लाभक्षेत्र (तळ्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन) 40 हेक्टरपर्यंत असेल तर तळं पंचायतीचं, त्यावर असेल तर लघु पाटबंधारे खात्याचं. उताऱ्यावर ‘सरकारी केरे’ (केरे म्हणजे कन्नडमध्ये तळं) आणि सर्व्हे नंबर असतो, त्याची नक्कल अर्जाला जोडा. अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत लावा. नुसत्या मराठी अर्जावर पीडीओकडून (पंचायत विकास अधिकाऱ्याकडून) शेरा मिळेपर्यंत केंदाळ दुप्पट होईल. ठेका असल्याने मत्स्य खात्यालाही एक प्रत. 2017 च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेली तळी वगळली आहेत, त्यामुळे त्या नियमांचा आधार इथे मिळणार नाही. पंचायतीचा ठराव हाच खरा कागद: त्यात जून ते सप्टेंबर काम बंद, कडेचा लव्हाळा राखायचा आणि गाळाची खोली, हे तिन्ही शब्दात लिहून घ्या.

पाणकणीस

खत. ओलं केंदाळ तसंच रचलं तर खत होत नाही, सडतं आणि नाक धरून जावं लागतं. आधी तीन दिवस पातळ पसरून सुकवा, वजन निम्म्याच्या खाली आलं पाहिजे. मग कडबाकुट्टीतून दोन-तीन इंचाचे तुकडे. आपल्याकडे उसाचं पाचट फुकट मिळतं, तेच याला जोड: वीतभर केंदाळ, चार बोटं पाचट, वर शेणकाला. ढीग पाच फूट रुंद, चार फूट उंच, लांबी हवी तितकी. उंची यापेक्षा कमी ठेवलीत तर तापत नाही, आणि तापलं नाही तर बी मरत नाही. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा, हातात धरवत नसेल तर ठीक. ढिगाची बाहेरची बाजू थंडच राहते, म्हणून पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी पलटताना बाहेरचं आत गेलं पाहिजे. अडीच-तीन महिन्यांत तयार. तळ्यात फक्त गावाचं सांडपाणी येतंय म्हणून हे खत चालेल. फौंड्री किंवा प्लेटिंगचं पाणी येणाऱ्या तळ्यातल्या केंदाळाच्या मुळांत शिसं, क्रोमियम साठतं, त्याचं खत भाजीला घालायचं नसतं. शंका असेल तर मुळं कापून टाका आणि फक्त पानं-देठ घ्या. तरीही भाताला नकोच, वर बियांचं कारण आलंय.

रोपं ओळखणं: फुगीर देठ शोधू नका, बाळरोपाला तो नसतोच. बी उगवतं ते पाणी मागे सरकलेल्या ओल्या, उघड्या चिखलात, आणि पहिली पानं फितीसारखी अरुंद, चकचकीत, मऊ असतात. गवताचं पातं बोटांत चोळलं तर खरखरीत लागतं, हे गुळगुळीत आणि रसरशीत लागतं, चिमटलं की पाणी सुटतं. पानं चमच्यासारखी गोल व्हायला लागली की आठवड्या-दोन आठवड्यांत देठ फुगतो, आणि पहिल्या वळवाने पाणी चढलं की रोप मुळासकट सुटून तरंगतं. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून वळवापर्यंत दर आठ दिवसांनी ओल्या पट्ट्यातून दोघांनी चालायचं. त्या वेळी रोप बोटाएवढं असतं, चिमटीने निघतं, आणि एका टोपल्यात एकराचा माल मावतो.